भाकरीच्या वेळेनं सोलापूर: शुक्रवार ते रविवार

सोलापूरला जेवायला जायचं असेल तर मुक्कामाचं नंतर बघा, आधी भाकरीची वेळ धरा. जुन्या खानावळींत तवा साधारण साडेअकराला तापतो आणि तीनच्या आसपास उतरतो. संध्याकाळी सातला पुन्हा चढतो, तो दहापर्यंत. या वेळेबाहेर गेलात तर रस्सा मिळेल, सुकं मिळेल, पण भाकरी डब्यातली येईल. डब्यातली भाकरी खायला एवढ्या लांब येण्यात अर्थ नाही.

सोलापुरातल्या जुन्या घरांची खानावळ ठरलेली असते. बाळीवेसेतल्या माणसाला विचारा, तो एक नाव सांगेल, साखर पेठेतला दुसरं सांगेल, आणि दोघंही आपल्या जागी बरोबर असतात. आमच्या घरची खानावळ जुन्या गावात, मधल्या मारुतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शहाबादी फरशी, स्टीलची ताटं, भिंतीवर देवाची तसबीर आणि खडूनं लिहिलेली पाटी, एवढाच थाट. नवख्या माणसानं आपल्यासाठी अशी खानावळ शोधायची असेल तर खूण एकच: दारात उभं राहिल्यावर परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला पाहिजे. तो आवाज आला नाही तर पाटी कितीही जुनी असो, पुढे चला.

शुक्रवार

पुण्याहून संध्याकाळी निघणारी हुतात्मा एक्सप्रेस रात्री दहाच्या सुमारास सोलापुरात पोचवते. मुंबईहून येणारी वंदे भारत, जी १० फेब्रुवारी २०२३ पासून धावते, ती त्याहूनही उशिरा. गाड्या दोन्ही चांगल्या, पण जेवणाच्या दृष्टीनं निरुपयोगी, कारण तोवर तवे उतरलेले असतात. म्हणून पहिल्या रात्रीचं जेवण साधायचं असेल तर रस्त्यानं यावं. पुणे ते सोलापूर राष्ट्रीय महामार्ग ६५ नं अडीचशे किलोमीटर, वाटेत एकदा थांबून साडेचार ते पाच तास. दुपारी दीडला पुणे सोडलं की साडेसहाला मुक्कामी पोचून, तोंड धुऊन साडेसातला ताटावर बसता येतं.

वाटेत भिगवण लागतं आणि उजनीच्या माशांच्या पाट्या खुणावतात. मासे उत्तम असतात, पण त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढावा. दुपारी तीनला मासे खाऊन रात्री सोलापुरी मटणाला न्याय देता येत नाही. चहा घ्या आणि निघा.

गाडी मोठ्या चौकातच लावून आत चालत जावं. जुन्या पेठांतल्या बोळांतून दुचाक्या आणि हातगाड्याच नीट जातात. खानावळीत शिरल्यावर आधी जागा बघायची: भाकरीच्या चुलीच्या जितकं जवळ तितकं चांगलं. पंख्याखालची जागा उन्हाळ्यात मोहात पाडते, पण पंख्याच्या वाऱ्यानं भाकरी दोन मिनिटांत वरून कोरडी पडते.

मागणी कशी द्यायची यावर जेवण ठरतं. ताट सांगितलं की बहुतेक ठिकाणी दोन भाकऱ्या एकदम येतात. पहिली गरम खाता, दुसरी तोवर ताठ होते. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो. भाकरी धरून ठेवतो तो पिठातला वाफाळलेला स्टार्च, आणि थंड होताना तोच घट्ट होतो. म्हणून बसल्या बसल्या सांगावं, ‘‘काकू, भाकरी एकेक द्या, तव्यावरची.’’ गर्दीच्या वेळी उत्तर येतं, ‘‘मग थांबा की वो, हाय तव्यावर.’’ थांबावं. त्या दोन-तीन मिनिटांत अळणी पिऊन होतं.

अळणी म्हणजे मटण शिजवलेलं पाणी: हळद, मीठ, आलं-लसूण, बाकी काही नाही. ही वाटी पहिली प्यायची, कारण खानावळीची परीक्षा इथेच होते. तिखट, खोबरं, मसाला यांच्याआड काहीही लपतं, अळणीत लपत नाही. मटण शिळं असेल तर वास इथे कळतो, आणि पाणी वाढवून अळणी पुरवलेलं असेल तर तेही ओठांना कळतं. चांगल्या अळणीनं ओठ किंचित चिकटतात. हाडं आणि सांध्यांतला अर्क नीट उतरल्याची ती खूण. अळणी पातळ पाण्यासारखं लागलं तर सुकं मागवू नका, नुसत्या रस्स्यावर भागवा.

मग ताट. सुकं मटण, रस्सा, कांदा, लिंबू, शेंगा चटणीचा ढीग आणि भाकरी. आता भाकरीकडे नीट बघा, कारण हेच बघायला आलो आहोत. तव्याजवळ बसलेल्या मावशी एका भाकरीला मोठी मूठभर, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम पीठ घेतात आणि कोमट पाण्यात तळहाताच्या टाचेनं रगडून मळतात. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा. पिठाची विरी गेली असेल, म्हणजे दळून पंधरा-वीस दिवस झाले असतील, तर भाकरी थापतानाच कडेला चिरते. अशा वेळी आधणाचं पाणी घालून उकड काढल्यासारखं मळावं लागतं. तशी भाकरी होते, पण चवीला किंचित कडसर लागते. भाकरी तव्यावर टाकली की वरच्या अंगाला हातानं पाणी फिरवतात. ते पाणी सुकू लागतं त्या क्षणी उलथायची. आधी उलथली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर पृष्ठभाग तडकतो आणि मग ती फुगत नाही, कारण वाफ तड्यांतून निघून जाते. दुसरी बाजू पूर्ण भाजली की तवा बाजूला सारून भाकरी निखाऱ्यापुढे उभी किंवा थेट आचेवर. फुगली की पापुद्रा सुटतो. ताटात आल्यावर तो पापुद्रा बोटानं उचलून बघा. अख्खा सुटला तर भाकरी जमली. त्याच्या आत सुक्या मटणाची एक फोड आणि थोडा मसाला ठेवून पहिला घास घ्यायचा.

या चवीत निम्मा वाटा धान्याचा आहे. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, मोहोळ या पट्ट्यात काळ्या जमिनीत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी येते. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि पुढे जमिनीतल्या ओलीवरच पीक निघतं. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण इथलंच, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. शाळूचा दाणा टपोरा, मोत्यासारखा चमकदार. त्याची भाकरी पांढरी, गोडसर होते. खरिपाच्या ज्वारीची भाकरी काळपट आणि रुक्ष. खानावळीत ‘‘ज्वारी कुठली?’’ असं खुशाल विचारावं. चांगल्या जागी त्या प्रश्नाचं उत्तर कौतुकानं मिळतं.

रस्सा कसा होतो ते माहीत असलं की चांगला-वाईट ओळखता येतो. एक किलो मटणाला आलं-लसणाचं वाटण दोन मोठे चमचे, हळद आणि मीठ लावून पातेल्यात परतायचं, झाकणीत पाणी ठेवायचं आणि तेच गरम झालेलं पाणी लागेल तसं आत सोडायचं. गार पाणी घातलं की मटण वातड होतं. मोठ्या पातेल्यात तास-सव्वा तास लागतो. मग वाटण: चार कांदे विस्तवावर भाजलेले, वाटीभर सुकं खोबरं, दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस. हे तेल सुटेपर्यंत परतायचं, त्यावर तीन-चार चमचे काळं तिखट, म्हणजे भाजलेलं खोबरं आणि मसाले कुटून केलेलं तिखट, आणि मग अळणी. दाटपणासाठी कुणी येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ लावतं, कुणी शेंगदाण्याचं कूट. तिखटाचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून वाटण घाईनं परतलं तर तवंग येत नाही, रस्सा मातकट दिसतो आणि घशाला कच्चं तिखट लागतं. दुसरा दोष खोबऱ्याचा. काळं तिखट करताना खोबरं तांबूस-काळं भाजायचं असतं, त्याच्या पुढे एक मिनिट गेलं की करपतं आणि सगळ्या मसाल्याला कडवटपणा देतं. जिभेच्या मागच्या बाजूला कडू चव राहिली तर समजावं, खोबरं जळलं होतं.

तिखट सोसत नसेल तर पाणी पिऊ नये, त्यानं जळजळ पसरते. दही मागवावं, त्यातल्या स्निग्धांशानं आणि प्रथिनांनी तिखट सुटतं. ताटाचा क्रम असा: अळणी, पापुद्र्यासोबत सुकं, मग दुसरी भाकरी चुरून त्यावर रस्सा, शेवटी मूठभर भात आणि उरलेला रस्सा. भाकरी चुरायची ती ऊन असतानाच. थंड भाकरीचे तुकडे रस्सा पीत नाहीत, नुसते तरंगतात.

शनिवार

शनिवारी गावातली पुष्कळ घरं मांसाहार करत नाहीत. सोमवार आणि गुरुवारचंही तसंच, श्रावणात तर महिनाभर. त्या दिवशी मटणाच्या खानावळीत गिऱ्हाईक कमी, म्हणून शिजवणंही कमी आणि कधी कालचं. शनिवार शाकाहारासाठी ठेवावा.

सकाळी सिद्धेश्वर. तळ्याच्या मधोमध मंदिर, शेजारी भुईकोट किल्ला. दोन्ही दीड-दोन तासांत निवांत होतं. जानेवारीत संक्रांतीच्या दिवसांत येणार असाल तर ध्यानात घ्या, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजांच्या, म्हणजे देवाच्या उंच काठ्यांच्या मिरवणुकीनं मधल्या गावातले रस्ते बंद होतात आणि राहायला जागा मिळत नाही. उलट भोगीच्या दिवशी तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी मिळते. त्यासाठी एवढी गर्दी सोसायला आमची हरकत नाही.

मंदिरातून बाजारात, शेंगा चटणी घ्यायला. सोलापुरात ही चटणी कुटतात, दळत नाहीत, आणि फरक तोंडात टाकताक्षणी कळतो. मुसळाच्या माऱ्यानं दाण्यातलं तेल हळूहळू सुटतं, लसूण त्यात मुरतो आणि चटणीचा मऊ गोळा बनतो. मिक्सरमध्ये पातं गरम होतं, दाणे आधी भुगा होतात आणि मग एकदम लोणी. मधली अवस्था निसटते. घरी करायचीच असेल तर पाव किलो शेंगदाणे लोखंडी कढईत मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजून सालं काढा, पूर्ण गार होऊ द्या. लसणाच्या पंधरा-सोळा पाकळ्या, दोन मोठे चमचे तिखट, एक छोटा चमचा जिरे, सव्वा चमचा मीठ. खलबत्त्यात आधी लसूण, जिरे, मीठ कुटा, मग मूठ-मूठ दाणे घाला. मिक्सरच वापरायचा तर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मध्ये मध्ये भांडं थंड होऊ द्या. दाणे गरम असताना कुटले तर वाफेचा ओलावा आत राहतो आणि चटणी आठवड्यात वास मारते.

दुकानात घेताना चिमूटभर चटणी बोटांत दाबून बघावी. गोळा बसला आणि बोटाला तेल लागलं तर कुटलेली आहे. भुगा सुटा राहिला तर दळलेली. फार भडक लाल असेल तर रंगासाठीच्या मिरचीचा भरणा जास्त आहे, लसूण मागे पडणार. खवट वास आला तर तिथून निघावं. कधी कुटली ते विचारावं. कोरड्या बरणीत, कोरड्या चमच्यानं वापरली तर पंधरा-वीस दिवस बाहेर छान राहते.

शेजारीच कडक भाकरी मिळते. ही शिळी भाकरी नव्हे. पातळ थापून, पूर्ण भाजून, मग आचेजवळ ओलावा संपेपर्यंत वाळवलेली. घेताना एक मोडून बघा: काटकन तुटली पाहिजे. वाकली तर सादळली आहे. शेंगा पोळी घेणार असाल तर ती शेवटच्या दिवशी घ्या, गाडीत फिरवली की गुळाचं सारण उन्हानं मऊ होऊन पोळ्या एकमेकींना चिकटतात.

दुपारी जेवायला बाजार आमटी. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेल्या माणसांसाठी करायची ही आमटी आता गावात रोज मिळते. तूर, हरभरा, मसूर, मूग अशा डाळी एकत्र मऊ शिजवून, काळ्या तिखटाची सढळ फोडणी दिलेली. पातळ असते आणि पातळच असावी, कारण ती भाकरीच्या कुस्करात ओतायची. ताटात आधी दोन भाकऱ्या बारीक कुस्करा, मध्ये आळं करा, आमटी ओता, वरून लिंबू. आळं न करता वरून ओतली तर कडेचा कुस्कर कोरडा राहतो. दुसऱ्यांदा आमटी मागताना नुसती तर्री येते का डाळीसकट, ते बघा. वाढपी पळीनं वरवरची देतो. ‘‘दादा, खालून द्या’’ म्हटलं की डाळ येते.

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी या दिवसांत आला असाल तर शनिवारची दुपार हुरड्यासाठी सोडा. गावाबाहेर मंगळवेढा किंवा बार्शीच्या रस्त्यानं शेतांत व्यवस्था असते, आधी फोन करून जावं. शेणाच्या गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजायची, हातावर चोळायची, पाखडायची. गूळभेंडी, सुरती ही हुरड्याची नावाजलेली वाणं. हुरड्याचा दाणा दुधाळ असतानाचे दिवस मोजकेच असतात, त्यानंतर तो पिठूळ होतो. सोबत शेंगा चटणी, दही, गूळ. बार्शीच्या बाजूला गेलात तर वाटेवर नान्नज लागतं, तिथं माळढोकाचं अभयारण्य आहे. पक्षी दिसेल या आशेवर मात्र वेळ काढू नये, आता तो फार दुर्मीळ झाला आहे.

रविवार

पुन्हा तीच खानावळ, या वेळी दुपारी आणि सगळ्या कुटुंबासह. रविवारी पातेलं सर्वांत ताजं आणि सर्वांत लवकर संपणारं. बाराच्या आत पोचावं. एकनंतर गर्दी इतकी होते की तवा एक आणि ताटं तीस, मग एकेक भाकरीचा आग्रह धरणं इतरांवर अन्याय होतो. अडीचनंतर सुकं संपतं आणि रस्स्यात पाणी वाढतं.

आठ माणसांचं सांगायचं तर आठ ताटं सांगू नयेत. बहुतेक खानावळींत एका ताटात दोघांनी जेवणं चालत नाही, ते बरोबरही आहे, पण लहान मुलांना आणि आजी-आजोबांना पूर्ण ताट जात नाही. पाच ताटं, वर सुक्याची एक प्लेट, दोन अंडाकरी आणि सुट्ट्या भाकऱ्या, एवढ्यात आठजण पोटभर जेवतात. मुलांसाठी अळणीत भाकरी चुरून वर तूप. आजोबांचे दात नसतील तर मांडीऐवजी मानेचं किंवा सीनेचं मटण आहे का विचारावं. ते मऊ शिजतं आणि रसाळ असतं. कलेजी हवी असेल तर बसताक्षणी सांगायची, ती थोडीच असते. फार शिजली की रबरासारखी होते, म्हणून मागितल्यावर परतून देणारी जागा पसंत करावी.

या एका पंगतीत सोलापूर ऐकू येतं. शेजारच्या टेबलावर कन्नड, पलीकडे शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर कुटुंबाचं तेलुगू, गल्ल्यावर दखनी उर्दू आणि वाढप्याची मराठी. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, मग चहूकडून विणकर आणि कामगार आले, आणि घरापासून लांब राहणाऱ्यांना भाकरी लागली. खानावळींचं पीक त्यातून आलं. गिरण्या बंद झाल्या तरी भाकरीची वेळ बदललेली नाही, आणि आमच्या मते या गावची सगळ्यांत जपण्यासारखी शिस्त तीच आहे. कोपऱ्यात गॅसवर बटर रोटी भाजायला लागलेल्या खानावळी वाढत आहेत. मागणी आहे म्हणून त्या करतात. म्हणून आपण जाऊ तेव्हा भाकरीच मागावी, आणि चांगली झाली तर तव्याजवळ जाऊन मावशींना सांगावं. गल्ल्यावर केलेलं कौतुक तव्यापर्यंत पोचत नाही.

परतीला बांधून नेताना भाकरी नेऊ नये, ती घरी पोचेपर्यंत चामड्यासारखी होते. रस्सा न्यायचा तर पिशवीत नको. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घरूनच आणावा, तीन बोटं रिकामा ठेवावा आणि पायाशी, सावलीत ठेवावा. हिवाळ्यात पाच तास टिकतो. मार्चनंतर मात्र नेऊच नये, गाडीत आंबतो. घरी पोचल्यावर खळखळून उकळी आणावी. घट्ट वाटला तर उकळतं पाणीच घालावं, गार पाण्यानं तवंग मोडतो. कडक भाकऱ्या स्टीलच्या डब्यात, प्रत्येक दोनांत एक कागद घालून आडव्या रचाव्यात. वर सामान ठेवलं की चुरा होतो. झालाच चुरा, तर टाकू नका: वाटीत घ्या, वर दही, शेंगा चटणी आणि बारीक चिरलेला कांदा घाला, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि चमच्यानं खा.